काळी खिडकी म्हणजे डॉस नव्हे: फरक ओळखण्यापासून जुना प्रोग्रॅम चालवण्यापर्यंत

"डॉसमध्ये जा आणि ही कमांड टाक." दुरुस्तीच्या दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये, फोनवरून एखाद्या नातेवाइकाला मदत करताना हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. समोरचा माणूस विंडोज ११ वर काळी खिडकी उघडतो आणि दोघेही धरून चालतात की डॉस आला. त्या मशीनवर डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, कमांड टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, मागमूसही नसतो. बऱ्याचदा त्यामुळे काही अडत नाही, कारण कमांड चालून जाते. अडतं ते नंतर. जुन्या हिशेबाचा प्रोग्रॅम उघडत नाही, पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही, कुठूनतरी उचललेली ओळ एका खिडकीत चालते आणि दुसरीत लाल अक्षरांत एरर देते. या सगळ्यांवर उपाय आहेत, पण समोर नेमकं काय उघडलंय हे कळल्याशिवाय त्यातला एकही लागू पडत नाही.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

तीन थर

बँकेच्या काउंटरवर काच असते, काचेमागे कारकून असतो आणि त्याच्यामागे सगळं ऑफिस असतं. आपण बोलतो कारकुनाशी, पण काम करतं ऑफिस. कमांड लाइनचंही असंच आहे. खिडकी म्हणजे टर्मिनल: अक्षरं दाखवणं आणि कीबोर्डवरची अक्षरं पुढे देणं एवढंच तिचं काम. आत असतो शेल, म्हणजे तुमची ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम. आणि त्याखाली असते ऑपरेटिंग सिस्टिम.

विंडोज ११ मध्ये विंडोज टर्मिनल ही काच झाली. तिच्या आत सीएमडी (विंडोजचा जुना शेल) असेल, पॉवरशेल (विंडोजचा नवा शेल) असेल किंवा लिनक्सचा बॅश असेल. तिन्हींची खिडकी हुबेहूब सारखी दिसते, आणि म्हणूनच खिडकी बघून काही ठरवता येत नाही.

डॉसमध्ये असे सुटे थर नव्हते. चालू प्रोग्रॅम थेट स्क्रीनच्या मेमरीत लिहायचा, थेट प्रिंटरच्या पोर्टशी बोलायचा, एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा. कमांड.कॉम हा डॉसचा शेल. तो बंद झाला की खाली परत जायला दुसरं काही नसायचं. आज सीएमडी बंद केली तरी विंडोज जागच्या जागी असतं. फरक लक्षात ठेवायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

गोंधळ झाला कसा

टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये ८६-डॉस लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती जुलै १९८१ मध्ये विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीबरोबर ती पीसी-डॉस म्हणून गेली. पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. ते १९८३ च्या २.० मध्ये आले. तोपर्यंत पुढे झुकलेली तिरकी रेघ '/' कमांडच्या पर्यायांसाठी वापरात होती, म्हणून फोल्डरसाठी उलटी '\' घ्यावी लागली. आजही विंडोजमध्ये उलटी आणि लिनक्समध्ये सुलटी, ही कटकट तिथूनच आली आहे.

विंडोज ९५, ९८ आणि एमई यांच्या पोटात खरंच डॉस होता. 'एमएस-डॉस प्रॉम्प्ट' नावाचं आयकॉन होतं आणि त्यामागे कमांड.कॉमच चालायचं. त्या काळात जे कॉम्प्युटर शिकले त्यांनी काळ्या खिडकीला डॉस म्हणणं अगदी बरोबर होतं. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टने डेव्ह कटलर यांच्या टीमकडून विंडोज एनटी ही पूर्णपणे वेगळी सिस्टिम करून घेतली होती, ती १९९३ मध्ये आली. तिच्याखाली डॉस नव्हता. पण लोकांच्या सवयी आणि बॅच फाइली (ओळीने चालणाऱ्या कमांड लिहून ठेवलेल्या फाइली) मोडू नयेत म्हणून तिच्या सीएमडी शेलमध्ये डॉसच्याच कमांड आणि तसाच 'सी:\>' प्रॉम्प्ट ठेवला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि घरोघरच्या कॉम्प्युटरवर एनटीचा पाया बसला. खालची सिस्टिम बदलली, वरचं रूप तसंच राहिलं. आपल्याकडच्या क्लासेसच्या नोट्समध्ये 'इंटर्नल कमांड, एक्स्टर्नल कमांड' हे प्रकरणही जसंच्या तसं पुढे चालू राहिलं.

हे साम्य किती खोल आहे याचं एक उदाहरण बघा. ६४-बिट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये ट्री, मोअर, मोड, फॉरमॅट या फाइलींचं एक्स्टेन्शन आजही '.कॉम' आहे. डॉसमधली खरी कॉम फाइल म्हणजे ६४ केबीच्या आत बसणारा, कसलंही हेडर (फाइलीच्या सुरुवातीची माहितीची नोंद) नसलेला कच्चा कोड. सिस्टिम३२ मधल्या या फाइली मात्र साध्या ६४-बिट विंडोज प्रोग्रॅम आहेत. जुन्या बॅच फाइलीत 'मोअर.कॉम' असं पूर्ण नाव लिहिलेलं असेल तर ती अडू नये, म्हणून नाव तेवढं राखलंय.

पायरी १: समोर कोण आहे ते ओळखा

आधी ओळीच्या सुरुवातीला काय आहे ते बघा. 'सी:\>' असेल तर सीएमडी किंवा खरा डॉस. 'पीएस सी:\>' असेल तर पॉवरशेल. शेवटी '$' असेल तर बहुधा बॅश, '%' असेल तर झेडशेल, जो २०१९ पासून मॅकवर मूळचा शेल आहे. पण ओळीच्या सुरुवातीची ही खूण, म्हणजे प्रॉम्प्ट, बदलता येते, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. खालच्या दोन ओळी टाकून बघा:

एको %कॉमस्पेक%
एको $0

(दुसऱ्या ओळीत डॉलर चिन्ह आणि शून्य.) पहिल्या ओळीला सीएमडी स्वतःचा पत्ता सांगते, त्याच्या शेवटी 'सीएमडी.ईएक्सई' असतं. पॉवरशेल आणि बॅश ती ओळ टक्क्यांसकट जशीच्या तशी परत छापतात. दुसऱ्या ओळीला बॅश किंवा झेडशेल स्वतःचं नाव सांगतो, पॉवरशेल काहीच छापत नाही आणि सीएमडी '$0' असंच छापते. दोन्ही उत्तरं एकत्र वाचली की शंकेला जागा उरत नाही.

सीएमडीत आणखी खात्री हवी असेल तर 'व्हर' (व्ही-ई-आर) टाका. उत्तरात 'मायक्रोसॉफ्ट विंडोज' आणि १०.० ने सुरू होणारा आकडा येईल. विंडोज ११ सुद्धा इथे १०.० च सांगते, त्यात काही बिघाड नाही. खऱ्या डॉसवर 'एमएस-डॉस', फ्रीडॉस किंवा डॉसबॉक्स असं नाव येतं. पॉवरशेलमध्ये 'व्हर' ओळखलीच जात नाही. तिथे आवृत्तीसाठी '$पीएसव्हर्जनटेबल' टाकायचं.

पायरी २: हवा तो शेल उघडा

विंडोज टर्मिनलमध्ये टॅबशेजारच्या खालच्या बाणावर क्लिक केलं की यादी येते, त्यातून निवडा. चालू शेलमधूनही दुसऱ्यात जाता येतं: 'सीएमडी', 'पॉवरशेल' किंवा लिनक्स बसवलेलं असेल तर 'डब्ल्यूएसएल' टाइप करा, आणि परत यायला 'एक्झिट'. एकावर एक शेल उघडले असतील तर प्रत्येक 'एक्झिट' एकच पायरी मागे आणतं.

नवीन शिकत असाल तर पॉवरशेल शिका असं माझं स्पष्ट मत आहे. ती २००६ मध्ये आली, २०१६ पासून मुक्त स्रोत आहे आणि लिनक्स-मॅकवरही चालते. सीएमडी जुन्या बॅच फाइलींसाठी राहू द्या. नवं काही तिच्यात लिहू नका.

पायरी ३: एकच शब्द, वेगळं वागणं

खरा घोटाळा इथे होतो. पॉवरशेलने डॉसच्या ओळखीच्या कमांड टोपणनावं म्हणून ठेवल्या आहेत. 'डिर' टाकलं की यादी येते, 'कॉपी' टाकलं की कॉपी होते, आणि त्यामुळे आपण ओळखीच्या जागी आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे 'डिर' हे 'गेट-चाइल्डआयटम' या वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे. त्यामुळे 'डिर /एस' टाकलं की पॉवरशेल '/एस' हा पर्याय न समजता फोल्डरचा पत्ता समजते आणि असा पत्ता सापडत नाही म्हणून एरर देते. तिथे 'डिर -रिकर्स' म्हणावं लागतं. फक्त फोल्डर हवे असतील तर 'डिर /एडी' ऐवजी 'डिर -डिरेक्टरी'.

घाईत असाल तर एक सोपा मार्ग आहे. पॉवरशेलमध्येच ओळीच्या आधी 'सीएमडी /सी' लावा, म्हणजे 'सीएमडी /सी डिर /एस'. तेवढी एक ओळ सीएमडीच्या नियमाने चालते.

ड्राइव्ह बदलताना: डॉसमध्ये प्रत्येक ड्राइव्हचा स्वतःचा 'चालू फोल्डर' असायचा, सीएमडीने तोच नियम पुढे चालवला. म्हणून सी वर असताना 'सीडी डी:\हिशेब' टाकलं तर एरर येत नाही, पण आपण सी वरच राहतो. त्यानंतरची कमांड भलत्याच फोल्डरवर चालते. सीएमडीत 'सीडी /डी डी:\हिशेब' लिहायची सवय लावा. पॉवरशेलमध्ये साधं 'सीडी' पुरतं.

प्रोग्रॅम चालवताना: डॉस आणि सीएमडी आधी चालू फोल्डरमध्ये बघतात, नुसतं नाव टाकलं की काम होतं. पॉवरशेल सुरक्षिततेसाठी तसं करत नाही, नावाआधी '.\' लावावं लागतं. लिनक्सवर './'.

नावं बदलताना: 'रेन *.टीएक्सटी *.बॅक' ही एका फटक्यात सगळ्यांची नावं बदलणारी ओळ डॉस आणि सीएमडीत चालते, पॉवरशेलमध्ये नाही. तसंच क्लासमध्ये शिकवलेलं 'कॉपी कॉन' आणि दोन फाइली '+' लावून जोडणं. ही कामं सीएमडीतच करा.

'व्हेअर' आणि 'कर्ल' टाकताना: विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये हे दोन्ही शब्द दुसऱ्याच कमांडना जोडलेले आहेत. खरा प्रोग्रॅम हवा असेल तर शेवटी '.ईएक्सई' लावा.

लिनक्सवर गेलात तर लहान-मोठ्या अक्षरांनीही फरक पडतो. डॉसवाल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, पण 'हिशेब' लहान अक्षरात आणि मोठ्या अक्षरात लिहिलेल्या दोन वेगळ्या फाइली तिथे एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात.

पुसण्याबद्दल थोडं सावकाश

डॉसमध्ये 'डेल *.*' टाकलं की सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का, असं विचारलं जायचं. सीएमडीही विचारते. पॉवरशेल याच ओळीला काही न विचारता फाइली पुसून मोकळी होते. लिनक्सचं 'आरएम' सुद्धा तसंच. पॉवरशेलमध्ये पुसण्याआधी तीच ओळ शेवटी '-व्हॉटइफ' लावून चालवा: काय काय पुसलं जाईल त्याची यादी दिसते, पुसलं काहीच जात नाही. यादी नीट वाचा, मग '-व्हॉटइफ' काढा.

दुसरी जुनी समजूत आणखी घातक आहे. एमएस-डॉस ५ आणि ६ मध्ये 'अनडिलीट' कमांड होती. त्या काळच्या फॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फाइल पुसणं म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खुणेचा कोड ठेवणं आणि तिची जागा मोकळी म्हणून मांडणं. आतला मजकूर तसाच पडून असायचा. म्हणूनच 'अनडिलीट' पहिलं अक्षर तुम्हाला विचारायची, ते तिला माहीतच नसायचं. ज्यांनी हे वापरलंय त्यांच्या मनात 'कमांडने पुसलेलं परत आणता येतं' हे पक्कं बसलेलं आहे. आज कमांड लाइनवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि एसएसडीवर (चिपवाल्या नव्या डिस्कवर) ट्रिम ही साफसफाईची सोय चालू असेल तर मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' हे मोफत साधन आहे, त्याने प्रयत्न करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फाइल चुकून पुसली गेली तर त्या ड्राइव्हवर दुसरं काहीही लिहू नका आणि रिकव्हरीचा प्रोग्रॅम दुसऱ्या ड्राइव्हवर बसवा.

मराठी नावांची यादी काढताना

हे काम शाळेत, ऑफिसात बऱ्याच जणांना लागतं: फोल्डरमधल्या मराठी नावांच्या फाइलींची यादी. सीएमडीत 'डिर /बी > यादी.टीएक्सटी' केलं की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. कारण सीएमडी अजूनही डॉसच्या काळातल्या कोड पेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांच्या तक्त्यात, लिहिते. त्या पानात २५६ जागा आहेत आणि देवनागरीला त्यातली एकही नाही. आधी ही ओळ टाका:

सीएचसीपी 65001

आणि मग 'डिर /बी' वाली ओळ पुन्हा चालवा. आकडा कीबोर्डवर इंग्रजीतच टाइप करायचा. पासष्ट हजार एक हे यूटीएफ-८ चं, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीचं, कोड पेज, आता यादी नोटपॅडमध्ये नीट उघडेल. पॉवरशेलमध्ये ही पायरी लागत नाही, 'डिर -नेम > यादी.टीएक्सटी' पुरे. काळ्या खिडकीत जोडाक्षरं विस्कटलेली किंवा चौकोन दिसले तरी घाबरू नका. खिडकीला देवनागरी नीट मांडता येत नसते, फाइल शाबूत असते. तपासायचं ते फाइल उघडूनच.

बॅच फाइल नव्या मशीनवर आणताना

बॅच फाइल सीएमडीच चालवते, त्यामुळे साध्या फाइली बहुतेक चालतात. अडतात त्या तीन-चार ठिकाणी. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं आणि एक्स्टेन्शन तीन अक्षरांचं असायचं, स्पेस वापरायची पद्धत नव्हती. आता पत्त्यात 'प्रोग्रॅम फाइल्स' सारखी स्पेस येते, म्हणून प्रत्येक पत्ता दुहेरी अवतरणात घाला. 'डेलट्री' आता नाही, त्याजागी 'आरडी /एस' वापरा. 'फॉर' कमांड खिडकीत टाइप करताना एक टक्का, बॅच फाइलीत दोन टक्के, हा डॉसचाच नियम अजून लागू आहे. 'कॉन्फिग.सिस' या डॉसच्या सेटिंगच्या फाइलीत मेमरी वाढवण्यासाठी लिहिलेल्या ओळी आजचं विंडोज वाचत नाही, त्या सोडून द्या.

बॅकअपच्या फाइलीत 'एक्सकॉपी' असेल तर तिच्या जागी 'रोबोकॉपी' घ्या. फक्त तिचा '/एमआयआर' पर्याय जपून वापरा: मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते तो दुसऱ्या बाजूने पुसून टाकतो. दोन पत्ते उलटसुलट झाले तर बॅकअपऐवजी मूळ डेटाच जाईल.

आणि एक: फाइल किंवा फोल्डरला कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, एलपीटी१ अशी नावं देऊ नका. फाइल एक्सप्लोररमध्ये 'कॉन' नावाचा फोल्डर करून बघा, विंडोज नकार देईल. ही डॉसमधली उपकरणांची नावं आहेत: कीबोर्ड-स्क्रीन, प्रिंटर, पोर्ट. फोल्डर नव्हते तेव्हापासूनची ही नावं आजच्या विंडोजनेही राखून ठेवली आहेत.

खरा डॉस प्रोग्रॅम चालवायचा असेल तर

फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला पतसंस्थेचा किंवा दुकानाचा हिशेब, डीबेसमधली सभासदांची यादी, लोटसच्या शीट. महाराष्ट्रात अशी कामं अजून कुठे कुठे चालू आहेत, आणि ती चालवणाऱ्यांना सगळ्यात मोठा धक्का नवीन मशीन घेतल्यावर बसतो. ३२-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग होता, तो डॉस प्रोग्रॅमला खोटं डॉस दाखवून चालवायचा. त्याला प्रोसेसरची एक खास पद्धत लागते आणि ६४-बिट अवस्थेत प्रोसेसर ती देत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. म्हणजे सीएमडीत कितीही वेळा नाव टाइप केलं, 'कम्पॅटिबिलिटी' मधला कोणताही पर्याय निवडला, तरी हा प्रोग्रॅम चालणार नाही. दुकानदाराने 'सेटिंग करून देतो' म्हटलं तर त्याला आधी हे विचारा.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: प्रोग्रॅम हवा आहे की त्यातला डेटा? नुसता डेटा हवा असेल तर काम सोपं आहे. फॉक्सप्रो आणि डीबेसचा डेटा '.डीबीएफ' फाइलींत असतो आणि त्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडतात. मूळ फाइल नव्हे, तिची कॉपी उघडा.

प्रोग्रॅमच हवा असेल तर डॉसबॉक्स. हा २००२ पासूनचा मोफत प्रोग्रॅम विंडोजच्या आत एक आख्खा जुना पीसी उभा करतो. मूळ डॉसबॉक्स त्याच्या कर्त्यांनी खेळांसाठी बनवलाय आणि त्यात प्रिंटरची सोय नाही. ऑफिसच्या कामाला त्याची 'डॉसबॉक्स-एक्स' ही शाखा घ्या. क्रम असा:

१. जुना फोल्डर पूर्ण कॉपी करा. एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तिला हात लावू नका.

२. दुसरी कॉपी डी ड्राइव्हवर ठेवा. फोल्डरचं नाव रोमन, आठ अक्षरांच्या आत, स्पेसशिवाय. समजा 'जुना' (जे-यू-एन-ए).

३. डॉसबॉक्स-एक्स बसवून उघडा. 'झेड:\>' दिसेल. तिथे टाका:

माउंट सी डी:\जुना
सी:
डिर

४. यादीत ओळखीच्या फाइली दिसल्या की प्रोग्रॅमचं नाव टाकून चालवा. इथला सी म्हणजे तुमचा खरा सी नव्हे, तो 'जुना' फोल्डर आहे. आतून काही पुसलं तर मात्र खऱ्या फोल्डरमधूनच पुसलं जातं.

५. सगळं नीट चाललं की माउंटच्या ओळी कॉन्फिग फाइलीच्या 'ऑटोएक्झेक' भागात लिहा, म्हणजे रोज टाइप करायला नको.

६. प्रिंटसाठी त्याच फाइलीत पॅरलल पोर्टला प्रिंटर जोडता येतो. पान चित्र म्हणून जतन होतं किंवा विंडोजच्या प्रिंटरकडे जातं.

बाहेरून फोल्डरमध्ये नवी फाइल टाकली आणि आत दिसली नाही तर 'रीस्कॅन' टाका. एकच फोल्डर दोन मशीनवरून एकाच वेळी उघडू नका, नोंदी एकमेकींवर लिहिल्या जाण्याचा धोका असतो. आणि रोजचे पैशाचे व्यवहार वर्षानुवर्षं असे चालवावेत असं मला अजिबात वाटत नाही. डॉसबॉक्स-एक्स म्हणजे जुने हिशेब बघायला आणि नव्या प्रोग्रॅमवर जाईपर्यंतची सोय.

कॉलेजात टर्बो सी प्लस प्लसची निळी स्क्रीन ज्यांना दिसते तेही नकळत डॉसबॉक्सच वापरत असतात. हा कंपायलर नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीचा, १६-बिट डॉससाठीचा. म्हणून त्यात 'इंट' (पूर्णांक) दोन बाइटचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढे गेला की ऋण होतो. आजच्या जीसीसी कंपायलरमध्ये तोच 'इंट' चार बाइटचा. वहीतलं उत्तर आणि घरच्या लॅपटॉपवरचं उत्तर जुळत नाही याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

जुना मराठी मजकूर

डॉसवर मराठी दिसायची ती बहुधा जिस्ट कार्डामुळे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने पुढे नेलं. मशीनमध्ये बसवलेलं हे कार्ड स्क्रीनवर देवनागरी काढायचं आणि फाइलीत मजकूर इस्की या प्रमाणित कोडमध्ये साठवला जायचा. डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नसतं. त्यामुळे जुनी फाइल उघडली की उभ्या-आडव्या रेघा दिसतात आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली.

खराब झालेली नसते. १९९१ च्या इस्कीत 'क' चा क्रमांक १७९ आहे. साध्या पीसीच्या अक्षरतक्त्यात १७९ म्हणजे चौकट आखायची उभी रेघ. पुढची व्यंजनं त्याच चौकटीच्या रेघांवर येतात, म्हणून मराठी परिच्छेद मोडक्या तक्त्यासारखा दिसतो. असं दिसलं तर ती चांगली खूण समजा: मजकूर बहुधा इस्की आहे आणि परत मिळेल.

डीबीएफ फाइल सरळ रूपांतरित करू नका, तिच्या हेडरमधले आकडे बिघडतील. फॉक्सप्रोतूनच 'कॉपी टू' आणि 'एसडीएफ' वापरून साधी टेक्स्ट फाइल काढा. मग पॉवरशेल ५.१ मधून ती एन्कोडिंग क्रमांक ५७००२ ने वाचा आणि यूटीएफ-८ मध्ये लिहा. ५७००२ हा विंडोजमधला देवनागरी इस्कीचा क्रमांक आहे. आधी दहा-बारा ओळींवर करून बघा, नावं ओळखीची आली की मग पूर्ण फाइल. नावं जुळली नाहीत तर तो मजकूर एखाद्या फॉन्टच्या स्वतःच्या कोडमध्ये आहे, त्याला त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर लागेल.

'डॉस' लिहिलेला लॅपटॉप

ऑनलाइन विक्रीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या रकान्यात 'डॉस' दिसतं आणि किंमत काही हजारांनी कमी असते. त्याचा अर्थ एवढाच: विंडोजचं लायसन्स दिलेलं नाही. बहुधा नावापुरती फ्रीडॉस असते. ती जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली मुक्त प्रणाली, चांगली आहे, पण त्यावर ब्राउझर, वाय-फाय, ऑनलाइन क्लास यातलं काही चालेल अशी अपेक्षा नको. मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीवर, म्हणजे नुसत्या यूईएफआयवर, चालणाऱ्या लॅपटॉपवर तर डॉसला लागणारं जुनं बायोसच नसतं. लिनक्स बसवणार असाल तर हा सौदा फायद्याचा आहे. विंडोज हवी असेल तर लायसन्सची किंमत मिळवून तुलना करा, आणि दुकानदार फुकट विंडोज टाकून देत असेल तर ती लायसन्सशिवायची आहे हे धरून चाला.

फोनवरून 'डॉस' उघडायला सांगितलं तर

फसवणूक करणारेही हाच गोंधळ वापरतात. कंपनीकडून बोलतोय असं सांगून काळी खिडकी उघडायला लावतात आणि 'असॉक' (ए-एस-एस-ओ-सी) टाकायला सांगतात. शेवटी एक लांबलचक क्रमांक येतो, तोच तुमच्या मशीनचा खास नंबर म्हणून वाचून दाखवतात. तो क्रमांक सगळ्या विंडोज मशीनवर सारखाच असतो. 'ट्री' चालवून पळणाऱ्या ओळींना व्हायरस म्हणतात, 'नेटस्टॅट' ची साधी यादी हॅकरची म्हणून दाखवतात. यातली एकही कमांड व्हायरस शोधत नाही.

अलीकडचा प्रकार जास्त वाईट आहे. वेबसाइटवर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं सांगतात. तुमच्या नकळत कॉपी केलेली पॉवरशेलची ओळ त्यातून चालते आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरतो. असं करायला लावणारी तपासणी खरी नसते.

चुकून केलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.